कुठल्या पाकिटाचा कर भरलाय?

लग्नानंतर आम्ही मारतहळ्ळीच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो, त्याला थोडेच दिवस झाले होते. शेजारच्या काकूंनी मला लिफ्टमध्ये एकट्याला गाठलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "तुम्ही फार ओढता का हो?"

मी आयुष्यात कधी सिगारेट ओढलेली नाही. पण आमच्या ओल्या कचऱ्यातून काय जातं ते काकूंच्या नजरेला पडलं होतं. पाण्यात भिजून फुगलेल्या, लगदा झालेल्या सिगारेटी, आणि त्याही निरनिराळ्या छापांच्या.

"मी नाही, बायको आणते," मी खरं ते सांगून टाकलं. काकूंचा चेहरा बघितल्यावर लक्षात आलं की खुलासा इथेच सोडून चालणार नाही. आमचा मजला येईपर्यंत मी त्यांना सांगत राहिलो की बायको करखात्यात अधिकारी आहे, ती सिगारेट ओढत नाही, फक्त पाकिटं बघते.

"पाकिटं बघते?"

"हो."

"बरं," काकू म्हणाल्या. त्या वर्षी त्यांच्याकडून हळदीकुंकवाचं बोलावणं आलं नाही.

बायको खरोखरच पाकिटं बघत असे. बाहेर कुठे गेलो की पानटपरीपाशी थांबायचं, एखादं पाकीट विकत घ्यायचं, घरी आणून उजेडात उलटसुलट करायचं. आतल्या सिगारेटी ती बादलीत बुडवून टाकी, कारण नुसत्या कचऱ्यात टाकल्या तर कोणीतरी वेचून ओढेल. रिकामी पाकिटं मात्र चपलांच्या कपाटातल्या वरच्या खणात जायची. मी पुण्याहून आलेला, महादेवपुऱ्यातल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करणारा. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा, असा माझा धंदा. त्यामुळे एखादी वस्तू हातात घेऊन तिच्याकडे संशयानं बघत बसण्याचं मला फारसं नवल वाटलं नाही. लग्न जमायला तेही एक कारण झालं असावं.

ती निपाणीकडची. तिच्या मराठीत कोल्हापूरचा ठसका आणि कानडीचे शब्द असे मिसळलेले की सुरुवातीला मला दर चार वाक्यांनंतर थांबवून विचारावं लागे. "स्वल्प थांब की," म्हणायची, "सरी, चल," म्हणायची, म्हणजे बरं, चल. आईला ती अक्का म्हणते. पहिल्यांदा फोनवर तिचं बोलणं ऐकलं तेव्हा मला वाटलं, थोरल्या बहिणीशी बोलतेय. या अक्कांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, उमेदीची सगळी वर्षं तंबाखूच्या वखारीत काढली. नवरा लवकर गेला. तोंडाला पदर बांधून दिवसभर तंबाखू चाळायचा आणि संध्याकाळी घरी येऊन मुलीचा अभ्यास घ्यायचा, म्हणजे मुलगी वाचते ते नुसतं ऐकत बसायचं. छातीत खोकला मुरला तो कायमचा. त्यांना आम्ही बंगळूरला आणलं ते डॉक्टरांनी धुळीपासून लांब ठेवा म्हणून सांगितलं तेव्हा. बाहेरच्या रिंग रोडची धूळ डॉक्टरांच्या हिशेबात नसावी.

बायकोच्या कामाचं मर्म मला कळलं ते एका संध्याकाळी, माझ्या ऑफिसच्या फाटकासमोरच्या टपरीवर. ती मला न्यायला आली होती. पर्समधून तिनं दोन पाकिटं काढली, दोन्ही एकाच छापाची, आणि माझ्या दोन हातांत एकेक ठेवली.

"सांग बघू, कुठल्या पाकिटाचा कर भरलाय?"

मी माझ्या सवयीनं बघायला लागलो. धोक्याचं चित्र दोन्हीवर होतं, तेवढंच मोठं, तेवढंच भेसूर. रंग सारखा, अक्षरं सारखी, चंदेरी कागदाची घडीसुद्धा सारखी. शेवटी अंदाजानं डावा हात वर केला.

"का?"

"उगाच."

"मलाही येत नाही सांगता," ती म्हणाली. "एक मी दुकानातून घेतलंय, एक माझ्याकडे दुसरीकडून आलंय. आता मीच विसरले कुठलं कुठलं ते."

चोरून परदेशातून येणारी सिगारेट ओळखणं सोपं, तिनं सांगितलं. त्या पाकिटावर आपल्याकडचं धोक्याचं चित्र नसतं, छापाचं नावही भलतंच असतं. खरी पंचाईत इथेच, आपल्या देशात बनणाऱ्या मालाची. एखादा कारखाना दिवसभर माल काढतो आणि त्यातला थोडाच सरकारला दाखवतो. उरलेला माल मागच्या दारानं निघतो. तेच यंत्र, तोच कागद, तीच पाकिटं. सिगारेटीवर कर भरपूर, तेव्हा मागच्या दारानं निघालेल्या प्रत्येक गाडीत नफाही तेवढाच. आणि गाडी रस्त्यात अडवली तरी ड्रायव्हर बिल काढून दाखवतो. बिल खरं असतं. फक्त तेच बिल काल आणखी एका गाडीबरोबर फिरून आलेलं असतं, कारण बिलावर नुसतं इतके खोके एवढंच लिहिलेलं, कुठले खोके ते नाही.

"मग पाकिटावरच का नाही काही खूण करत?" मी विचारलं.

"तेच," ती म्हणाली. "कितीतरी देशांत करतात. कर भरला की सरकार तिकीट देतं, कारखान्यानं ते पाकिटावर चिकटवायचं. इथं दारूच्या बाटल्यांच्या झाकणावर असतंच की. सिगारेटीवर नाही."

घरी अक्कांना ही गोष्ट सांगितली तर त्या म्हणाल्या, "काडीपेटीवर असायची की पट्टी! पेटी उघडताना फाटायची. आम्ही पोरी ती पट्टी हाताला बांधायचो, बांगडी म्हणून." नंतर ती पट्टी बंद झाली. का, ते त्यांना माहीत नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात तिच्या हाती एक मोठी गोष्ट लागली. महादेवपुऱ्याच्या पुढे, जिथे नव्या इमारतींमधून अजून नारळाची झाडं दिसतात, तिथल्या एका गोदामावर घरगुती सामान बांधून पोचवणाऱ्या कंपनीचा बोर्ड होता आणि आत सिगारेटीचे खोके रचलेले होते. माग काढत तिथवर पोचायला तिच्या पथकाला कित्येक महिने लागले होते. ती पहाटे धाड घालायला गेली ती दुसऱ्या दिवशी दुपारी घरी आली. दारातच अक्का उठून उभ्या राहिल्या.

"वखारीचा वास येतोय तुझ्या अंगाला," त्या म्हणाल्या. "आधी न्हाऊन ये. मग बोल."

न्हाऊन, जेवून ती बोलायला बसली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो मी फार कमी वेळा बघितलाय. खात्यात तिचं कौतुक झालं. वरिष्ठांनी सगळ्यांसमोर शाबासकी दिली. अक्कांनी त्या दिवशी पुरणपोळ्या केल्या आणि शेजारच्या काकूंकडेही पाठवल्या. मधल्या काळात काकूंचा गैरसमज दूर झाला होता.

मग प्रकरण कोर्टात गेलं. मालाच्या मालकानं बिलं सादर केली आणि जप्त केलेला माल सोडून द्या म्हणून अर्ज केला. सुनावणीच्या दिवशी मी रजा घेतली आणि कोर्टात मागच्या बाकावर जाऊन बसलो. बायकोला कामात कधी बघितलंच नव्हतं, तेव्हा उत्सुकता होती.

समोरच्या बाजूचे वकील वयस्कर, अतिशय मऊ बोलणारे. आवाज चढवणं नाही, हातवारे नाहीत. त्यांनी खिशातून एक पाकीट काढून टेबलावर ठेवलं. हे मी आत्ता कोर्टासमोरच्या दुकानातून विकत घेतलं, म्हणाले, त्याची पावतीही आहे. मग जप्तीतल्या नमुन्यातलं एक पाकीट त्याच्या शेजारी ठेवलं. "करखात्यानं एवढंच सांगावं की यातलं कर चुकवलेलं कुठलं. तेवढं सांगितलं तर मी माझा अर्ज मागे घेतो."

खात्याचे वकील उभे राहिले आणि तपास चालू असल्याचं, बरेच कागद अजून यायचे असल्याचं बोलायला लागले. न्यायाधीशांनी त्यांना थांबवलं. तपास करणारे अधिकारी आले आहेत का, त्यांनी विचारलं. बायको उठली. पुढे जाऊन तिनं दोन्ही पाकिटं हातात घेतली. खात्याचे वकील तिच्याकडे मान वळवून बघत होते. तिचे वरिष्ठही पहिल्या रांगेत होते, तेही बघत होते. मला वाटलं, आता ती काहीतरी म्हणेल. पाकिटाच्या डिंकाबद्दल, छपाईबद्दल, काहीही. तिथं ते तपासणारं कोणी नव्हतं.

तिनं पाकिटं खाली ठेवली. "नाही सांगता येणार, सर," ती इंग्रजीत म्हणाली. "दोन्हींत काहीच फरक नाही. कर भरला की नाही हे पाकिटावर कुठेही दिसावं असं आपल्या कायद्यात अजून नाही. मला गोदामाबद्दल, गाड्यांबद्दल सांगता येईल. या पाकिटाबद्दल नाही."

समोरच्या बाजूच्या वकिलांनी मान किंचित झुकवून तिचे आभार मानले. त्यात टोमणा नव्हता. त्यामुळेच मला ते जास्त लागलं.

त्याच दिवशी हमीवर माल सोडायचा हुकूम झाला. बाहेरच्या व्हरांड्यात तिचे वरिष्ठ तिला म्हणाले, "तपास चालू आहे, एवढं म्हणायला काय झालं होतं?"

"तपास कितीही केला तरी ती दोन पाकिटं सारखीच राहणार होती, सर," ती म्हणाली.

ते निघून गेले. आम्ही दोघं जवळच्या एका हॉटेलात गेलो आणि उभ्या उभ्या डोसा खाल्ला. ती भराभर खात होती, जणू सकाळपासून उपाशी होती, आणि होतीच. कॉफी आली तशी तिनं पेला तोंडाला न लावताच खाली ठेवला.

"भीती वाटली?" मी विचारलं.

"आता वाटतेय," ती म्हणाली. "तिथं नाही वाटली." थोड्या वेळानं म्हणाली, "मी खोटं रेटून नेलं असतं, आणि त्यांनी मधेच नुसती पाकिटांची जागा बदलून पुन्हा विचारलं असतं, तर? पुढच्या वेळी आमचं खरंही कोणी ऐकलं नसतं."

मी तिथं, त्या हॉटेलच्या ओल्या कट्ट्याशी उभा राहून माझ्या बायकोकडे बघत होतो आणि माझ्या मनात एवढंच आलं की हिच्याबरोबर राहायला मिळतंय हे बरं झालं. तसं बोललो मात्र नाही. "अजून एक डोसा सांगू?" असं विचारलं.

पुढच्याच बदल्यांत तिला फिरतीवरून काढून टेबलाशी बसवलं. शिक्षा म्हणून नाही, असं सगळ्यांनी तिला आवर्जून सांगितलं. खोलीत एक खिडकी, खिडकीबाहेर पाण्याची टाकी, आणि जुन्या प्रकरणांची टिपणं तयार करण्याचं काम. तिला फिरतीची सवय. पहिले काही दिवस ती घरी आली की सरळ जेवायला बसे आणि लवकर झोपे. अक्का तिच्या ताटात वाढत राहत आणि कशाबद्दल काही विचारत नसत. मग एका शनिवारी तिनं चपलांच्या कपाटातली सगळी पाकिटं काढून जेवणाच्या टेबलावर मांडली.

"तू चोर हो," ती मला म्हणाली.

"म्हणजे?"

"मी तिकिटाचा कायदा करणार. तू तो फोडायचा. तुझं तेच काम आहे नव्हं?"

त्या सुट्ट्या मला फार आवडल्या. तिकिटं म्हणून आम्ही टिकल्या वापरल्या. अक्कांनी मुलीच्या कपाटातून टिकल्यांची पाकिटं आणली आणि कुरकुरतच द्यायला लागल्या. बायको इंटरनेटवरून निरनिराळ्या देशांचे कायदे उतरवून घेई, त्यातलं एकेक कलम आमच्यासाठी सोप्या भाषेत करून सांगे, आणि मग माझी पाळी. पाकिटाच्या झाकणावर टिकली चिकटवली. मी चहाच्या पातेल्यावर पाकीट धरलं, वाफेनं टिकली अलगद सोडवली आणि दुसऱ्या पाकिटावर नेऊन लावली. "म्हणजे सोडवायला गेलं की फाटलंच पाहिजे, असं लिहायला हवं," ती म्हणाली आणि लिहून घेतलं. मग तिनं प्रत्येक टिकलीवर बारीक पेनानं आकडा घातला. मी तोच आकडा दोन टिकल्यांवर काढला. तेव्हा अक्कांना स्वयंपाकघरात सरकार म्हणून बसवलं. बायको हॉलमधून आकडा ओरडून विचारी आणि अक्का जुन्या कॅलेंडरच्या पाठीवरची आकड्यांची यादी बघून उत्तर देत.

"आलाय की हा मगाशी!" एकदा त्या आतून ओरडल्या. "चोर हाय तुझा नवरा."

मी पकडला गेलो याचा त्यांना झालेला आनंद स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडूनही ऐकू आला.

पण मग मी एक चाल काढली आणि खेळ अडकला. मी टिकली लावलीच नाही. पाकीट उघडलं, झाकण फाडून टाकलं, आणि सिगारेटी सुट्या करून ग्लासात उभ्या ठेवल्या. आता काय तपासणार? सुटी सिगारेट विकायला बंदी आहे, पण कुठल्याही टपरीवर बघितलं तर निम्मं गिऱ्हाईक एकच मागतं. पाकीट उघडलेलं असतं, तिकीट फाटलेलं असतं किंवा नसतंच. दुकानात सापडलेल्या अशा पाकिटाचं काय करायचं?

बायको तो ग्लास तसाच ठेवून उठली. मग चपला घालून खाली गेली. मीही मागोमाग गेलो.

आमच्या सोसायटीच्या कोपऱ्यावर टपरी चालवणाऱ्या अण्णांशी ती नेहमी कानडीत बोलते. त्यांना तिचं काम ठाऊक होतं आणि तरी ते तिला घाबरत नसत, कारण ती त्यांच्याकडे फक्त बिस्किटं आणि दूध घेई. तिनं त्यांना सगळं समजावलं. तिकीट असेल, तिकिटावर आकडा असेल, ज्यावर नाही तो माल चोरीचा. अण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"सरी, मेडम," ते म्हणाले. "मग तिकीट नसेल तर पकडणार कोणाला?"

बायकोनं टपरीवरच्या उघड्या पाकिटाकडे बघितलं.

"मलाच ना?" अण्णा म्हणाले. "कारखाना लांब. एजंट मोटरसायकलवर येतो, माल देतो, जातो. मी इथंच बसलेलो. सगळ्यांना सापडणारा माणूस मीच."

ती तिथं बाकावर बसली आणि त्यांना बारीकसारीक विचारत राहिली. एजंट माल आणतो तेव्हा तुम्ही खोका उघडून बघता का? फोन कुठला आहे? त्यावर कॅमेऱ्यानं आकडा वाचता येईल का? जुना माल संपायला किती वेळ लागतो? अण्णा मधेच गिऱ्हाईकाला सामान देत आणि पुन्हा येऊन उत्तर देत. शेवटी ती म्हणाली, "माल घेतानाच तुम्ही फोनवर बघितलंत, आणि खोटा निघाला म्हणून परत केलात किंवा आम्हाला कळवलंत, तर तुम्हाला हात लागणार नाही, असं लिहिलं तर?"

"लिहून काय," अण्णा म्हणाले. "पाळणार असाल तर बघतो."

घरी आल्यावर तिनं पहिल्यापासून सगळं पुन्हा लिहायला घेतलं. आधीच्या टिपणात दुकानदार शेवटी एका ओळीत होता. आता पहिली जबाबदारी कारखान्याची, मग वाहतुकीची, मग घाऊक व्यापाऱ्याची, आणि दुकानदाराला तपासायला सोपं साधन आणि जुना माल संपवायला मुदत. सुट्या विक्रीबद्दल तिनं लिहिलं की या प्रश्नाचं उत्तर तिकिटात नाही, आणि तसं मान्य करूनच कायदा करावा. तिचं लिहिणं मी वाचत असे. चुका काढणं हा माझा धंदा असूनही काढायला फारसं काही सापडत नसे. सापडलं तर ती भांडत नसे, खोडून नवं लिही. मला हे येत नाही. माझ्या कामातली चूक कोणी दाखवली की मी आधी अर्धा दिवस तो माणूस कसा चुकला ते सिद्ध करण्यात घालवतो.

टिपण वर गेलं. पोचल्याचं उत्तरही आलं नाही. ती खिडकीबाहेरच्या टाकीकडे बघत आपलं काम करत राहिली.

मग काही काळानं कायद्यात नवं कलम आलं. ज्या मालात करचोरीची भीती आहे त्याच्यावर वेगळी ओळखखूण करायला लावण्याचा आणि त्याचा माग ठेवण्याचा अधिकार सरकारला मिळाला. तिनं ते कलम स्वयंपाकघरात उभ्यानं वाचलं. गॅसवर भाजी होती. ती करपल्याचा वास आला तेव्हा अक्कांनी येऊन गॅस बंद केला.

"तुझं टिपण त्यांनी वाचलं वाटतं," मी म्हणालो.

"वेडा आहेस," ती म्हणाली. "असल्या टिपणांचे ढीग असतात. देशभरातून कितीतरी जणांनी लिहिलं असेल. बरंच झालं की, माझ्या एकटीच्या डोक्यात नव्हतं म्हणायचं." ते ती मनापासून म्हणाली. मला मात्र तिचं नाव कुठेतरी असायला हवं होतं असं वाटत राहिलं.

नियम अजून व्हायचे होते. त्यावर बोलायला शहरातल्या एका सभागृहात व्यापारी, वकील, अधिकारी यांची बैठक झाली. बैठक सगळ्यांना खुली होती म्हणून मीही जाऊन बसलो. अधिकाऱ्यांच्या बाजूनं बोलायला तिला उभं केलं होतं, आणि तिचं नाव सुचवलं होतं व्हरांड्यात तिच्यावर चिडलेल्या त्याच वरिष्ठांनी. ती आमच्या टेबलावरच्या खेळासारखंच बोलली, एकेक चाल, एकेक उत्तर. टिकल्यांचा उल्लेख तेवढा केला नाही.

तिसऱ्या रांगेतून ते मऊ बोलणारे वकील उठले. मी सावरून बसलो.

"मॅडम, नोटा खोट्या छापतात. तुमचं तिकीट छापायला किती वेळ लागेल?"

"फार नाही लागणार, सर," ती म्हणाली. "पण त्यावरचा आकडा त्यांना कुठूनतरी आणावा लागेल. आमच्याकडे नसलेला आकडा घातला तर पहिल्याच तपासणीला कळेल. असलेला घातला तर तोच आकडा दोन ठिकाणी दिसेल. आज दोन पाकिटं समोर ठेवली तर मला काहीच सांगता येत नाही. तेव्हा निदान त्यातलं एक खोटं आहे एवढं सांगता येईल, आणि कुठून शोधायला सुरुवात करायची तेही."

"म्हणजे चोरी थांबेल?"

"नाही. कमी होईल. आणि पकडलेली चोरी कोर्टात उभी राहील."

वकील हसले आणि बसले. चहाच्या वेळी ते आपणहून तिच्याकडे आले. "त्या दिवशी तुम्ही हो म्हणाला असतात तर मी तयारीत होतो," ते म्हणाले. "नाही म्हणालात त्याची तयारी नव्हती माझ्याकडे. नंतर घरी जाऊन बायकोला सांगितलं मी." मग माझ्याकडे वळून त्यांनी नमस्कार केला. मला त्यांचा राग यायला हवा होता. पण आला नाही.

नियम लिहिणाऱ्यांबरोबर बसायला तिला गेल्या थंडीत दिल्लीला बोलावलं. अक्कांनी तिच्या बॅगेत स्वेटर, शाल आणि निपाणीहून मागवलेली चटणी भरली. तिचं हिंदी आमच्या घरात चेष्टेचा विषय आहे, त्यामुळे विमानतळाच्या वाटेवर ती टॅक्सीत बसून हिंदी वाक्यं पाठ करत होती. ड्रायव्हर तिच्या चुका सुधारत होता.

ती गेली तेव्हा घरात मी आणि अक्का. आम्ही दोघं एकमेकांशी जपून बोलणारी माणसं. संध्याकाळी फोन आला की अक्का स्पीकरवर लावायला सांगत आणि ऐकत बसत, पूर्वी अभ्यास ऐकत असतील तशाच. एके दिवशी ती म्हणाली, "आज दिवसभर एकाच वाक्यावर भांडण झालं. दुकानदारानं माल परत केला किंवा कळवलं तर त्याच्यावर कारवाई नको, त्या वाक्यावर. सगळे म्हणत होते, पळवाट होईल."

"मग?" अक्कांनी विचारलं.

"मी म्हटलं, पळवाट होऊ नये म्हणून काय लिहायचं ते मी लिहून देते, पण वाक्य काढू नका. लिहून दिलं. सध्या ठेवलंय."

"सध्या म्हणजे?"

"म्हणजे शेवटी राहील की नाही ते मला नाही माहीत, अक्का. माझ्या हातात नाही ते."

"हिंदीत भांडलीस?" मी विचारलं.

"आधी हिंदीत. मग रागाच्या भरात कानडीत. एकजण धारवाडचा होता, त्यानं सगळ्यांना समजावून सांगितलं."

ती परत आली ती सर्दी घेऊन. नियम अजून बाहेर आलेले नाहीत. गोदामाचं जुनं प्रकरणही लांबतच चाललंय, आणि त्यातून काही निघेल असं तिला वाटत नाही. तिला पुन्हा फिरतीवर घ्यायचं चाललंय, असं ऑफिसात बोललं जातं. दिल्लीहून आली त्या दुपारी आल्याचा चहा पिऊन ती कोचावरच आडवी झाली आणि बोलता बोलता झोपली. अक्कांनी तिच्या अंगावर शाल टाकली, खुर्ची ओढून तिच्या पायाशी बसल्या आणि मला हातानंच खूण केली, पंखा कमी कर.